मी कुठे नाही म्हटलं?

वडील गेले तेव्हा ताईच्या वाट्याला त्यांची आरामखुर्ची आली आणि सोन्याच्या वाट्याला ताई आली.

कायदाच तसा होता. बाई कितीही मोठी झाली, केस पिकले, तरी तिला पालक लागतोच. आधी बाप, मग नवरा, आणि दोघंही नसले तर घरातला जवळचा पुरुष. ताईने लग्न केलं नव्हतं. त्यामुळे पन्नाशीला टेकलेल्या ताईचा पालक झाला तिचा धाकटा भाऊ. त्याला तिने मांडीवर घेऊन भरवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं, आणि त्याच्या बुटांच्या नाड्या तर तो चांगला घोडा होईपर्यंत तीच बांधत होती. आईचाही पालक आता तोच. घरात बायका दोन, आणि दोघींच्या वतीने हो-नाही म्हणायला सोन्या एकटा. नोकरी बदलायची, दुसऱ्या शहरात राहायला जायचं, खोली भाड्याने घ्यायची, ऑपरेशन करून घ्यायचं, काहीही असो, सोन्याने खिडकीपाशी स्वतः उभं राहून ‘मान्य’ असं तोंडाने म्हटलं पाहिजे. मग शिक्का.

सोन्या हे त्याचं लाडाचं नाव. आईने ठेवलेलं, आणि चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी सुटलेलं नव्हतं. तो पडद्यांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर फळीवरचे गठ्ठे खाली काढायचे, पडदा उलगडायचा, भिंतीवरच्या खोट्या खिडकीवर धरून दाखवायचा, घडी घालायची, की दुसरा उलगडायचा. गिऱ्हाईक दोन बोटांत कापड चोळणार, लांब जाऊन बघणार, जवळ येऊन बघणार, आणि ‘बघू, विचार करतो’ म्हणून चालायला लागणार. उभी हयात या माणसाने लोकांचं ‘बघू’ ऐकण्यात घालवली. त्याला स्वतःला मात्र कधी कुणी काही विचारलं नव्हतं. मालकाने नाही, वडिलांनी तर नाहीच. लग्नाचंसुद्धा बघू बघू म्हणता राहून गेलं. आणि मग एक दिवस कचेरीतून त्याच्या नावाचं पालकाचं कार्ड आलं. त्याने ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि तिथेच ठेवायला लागला.

ताईचं काम असं की ऐकणाऱ्याला आधी खरं वाटायचं नाही. ती डोळे करायची. अपघातात, आजारात, मारामारीत ज्यांचा डोळा जायचा त्यांच्यासाठी खोटा डोळा. डोळ्यांच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. एकच खिडकी, तीही उत्तरेकडे, कारण थेट उन्हात रंग फसवतात. माणसाला खिडकीशी बसवायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं, थरावर थर. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू शिरा म्हणून चिकटवायचे. नवे डॉक्टर विचारायचे, या शिरा कशाला, स्वच्छ पांढराच बरा दिसेल की. ताई म्हणायची, “स्वच्छ पांढरा डोळा बाहुलीचा. माणूस थोडा तरी जागलेला दिसला पाहिजे.” ती हसत हसत बोलायची, पण एकदा बसली की पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही.

वडील गेल्यावर काही महिन्यांनी तिला एका लांबच्या शहरातून बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांसाठी असा विभाग काढायचा होता. मुलांचं डोकं वाढतं, डोळ्याची खोबण वाढते, म्हणून त्यांचा डोळा सारखा नवा करावा लागतो. एकदा बसवला आणि विसरला असं चालत नाही. खोली कशी हवी, डोळे पक्के करायची भट्टी कुठे ठेवायची, हाताखाली कोण हवं, सगळं तुम्हीच ठरवा, असं त्यांनी म्हटलं होतं. इतकी वर्षं ताई दुसऱ्याने ठरवलेल्या खोलीत, दुसऱ्याने मांडलेल्या टेबलावर काम करत आली होती. तिला तो निरोप वाचून रडू आलं. ती जागा उन्हाळा संपेपर्यंत राखून ठेवणार होते. अट एकच: पालकाची परवानगी.

त्या संध्याकाळी ताईने सोन्याच्या आवडीचं जेवण केलं, आणि हे आपण का केलं याची तिला तेव्हाच लाज वाटली.

“सोन्या, मला तिकडे जायचंय. आईलाही घेऊन जाते, तुला तिचं काही करावं लागणार नाही. तू एकदा कचेरीत येऊन मान्य म्हण.”

सोन्याने घास थांबवला. हात पुसले. मग तो मागे टेकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे ताईने त्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“बघू,” तो म्हणाला. “विचार करतो.”

आधी ताईला वाटलं, बरोबर आहे, एवढी मोठी गोष्ट आहे, करू दे विचार. आठवड्याने विचारलं, तर दुकानात गडबड आहे. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर ते इस्पितळ कसं आहे, माणसं कशी आहेत, याची चौकशी करायला हवी. चौकशी झाली का? एका ओळखीच्याला सांगितलंय. तो ओळखीचा कोण? आहे एक. असं भिजत घोंगडं पडलं. ताईने मिनतवाऱ्या केल्या, समजावलं, एकदा आवाज चढवला, एकदा दोन दिवस बोलणंच टाकलं. सोन्याचा पारा म्हणून चढायचा नाही. तो उलट जास्तच गोड व्हायचा. दुकानातून येताना आईसाठी बिस्किटं आणायचा, ताईला चहा करून द्यायचा, आणि तिने विषय काढला की दुखावल्या सुरात म्हणायचा, “ताई, मी कुठे नाही म्हटलं?”

आणि खरंच तो नाही म्हणत नव्हता. त्याला ताईने विचारलेलं आवडत होतं, एवढंच. रोज घरी यावं, कुणीतरी आपली वाट बघत असावं, आपल्या तोंडाकडे बघत असावं, आपण काय म्हणतो यावर कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असावा, याची त्याला चटक लागली होती. हो म्हटलं तर ते संपलं. नाही म्हटलं तरी संपलं. पडद्याच्या दुकानात उलगडून दाखवणारा तो, आणि बघू म्हणणारे दुसरे. घरी आल्यावर तेवढं उलटं व्हायचं. हे ताईच्या ध्यानात आलं तेव्हा तिला त्याची कीव आली आणि किळसही आली, आणि दोन्ही एकदम आल्याने ती फारच थकून गेली.

इस्पितळातल्या एका नर्सने तिला वकीलबाईंचा पत्ता दिला. सायकलींच्या दुकानावर एक खोली, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्या ढिगावर अर्धा खाल्लेला पाव. वकीलबाई ताईच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खणखणीत.

“नाही म्हणालाय का भाऊ?” त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

“नाही म्हणाला नाही. हो म्हणत नाही.”

“मग झालं,” वकीलबाई म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. “हे बघा. पालकाने कारणाशिवाय नकार दिला तर कुटुंब कचेरीत दाद मागता येते. कायद्यात तशी सोय आहे. पण नकार असला पाहिजे. तोंडाने दिलेला, दोन माणसांसमोर, आणि त्यातलं एक माणूस घरातलं. गप्प राहणं म्हणजे नकार नाही. बघू म्हणजे नकार नाही. विचार चालू आहे म्हणजे तर मुळीच नाही.”

“आणि विचार किती दिवस चालू ठेवायचा?”

“त्याला कायद्यात मर्यादा नाही. पुरुषाच्या विचाराला घाई करू नये असं ठरलंय.” वकीलबाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. “माझा नवरा बघा, एक नंबरचा तिरसट. काही विचारा, ताडकन नाही. म्हणून तर मी वकील झाले. त्याचं पहिलं ‘नाही’ घेऊन गेले कचेरीत आणि जिंकून आले. तुमचा भाऊ चांगला माणूस आहे, हीच तुमची पंचाईत आहे. चांगल्या माणसावर या कायद्यात इलाज नाही.”

“मग मी काय करू?”

“त्याच्याकडून ‘नाही’ काढा.”

ताई घरी आली ती हेच घोकत. आयुष्यभर बायका घरातल्या पुरुषांकडून ‘हो’ काढायला बघतात, आणि आपल्यावर ‘नाही’ मागायची वेळ यावी. तिने सरळच विचारून बघितलं. सोन्या खिडकीत उभा राहून दात कोरत होता.

“सोन्या, तुला मला पाठवायचं नाहीये ना? मग तसं म्हण. स्पष्ट नाही म्हण. मी रागावणार नाही.”

“मी कशाला नाही म्हणू?”

“मग हो म्हण.”

“घाई काय आहे?”

“उन्हाळा संपत आलाय.”

“ताई,” तो कळवळून म्हणाला, “मी तुझा शत्रू आहे का? तू मला नाही म्हणायला लावतेस. मोठ्या बहिणीला नाही म्हणणारा भाऊ वाटतो का मी तुला?” आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. ताईने कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या माणसाला ढोंगी म्हणावं तर त्याने ढोंग तरी करायला हवं होतं.

त्यानंतर तिने नाना खटपटी केल्या. आईसमोर आणि शेजारणीसमोर त्याला डिवचलं, टोचून बोलली, वडिलांची आठवण काढली. वडील कसे होते, तापट, पण हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. ताईच्या नोकरीला त्यांनी रागारागात का होईना, एका दिवसात मान्य म्हटलं होतं. सोन्या सगळं ऐकून घ्यायचा. मूग गिळून बसायचा. शेजारीण उलट ताईलाच म्हणाली, “किती सोशिक आहे हो भाऊ तुमचा.”

शेवटी ताईला एका दुपारी काम करता करता उमगलं. खिडकीशी एक म्हातारा बसला होता आणि सारखा विचारत होता, मी हललो तर चालेल का, मी बोललो तर चालेल का. ताई हो म्हणत होती. मग त्याने विचारणं सोडलं आणि उठून सरळ दाराकडे चालायला लागला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो नाही, बसा.” ब्रश हातात धरून ताई तशीच थांबली. आपण विचारतो आहोत तोवर सोन्या नाही म्हणणार नाही. विचारणं थांबवायला हवं.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक न्हावी राहायचा. सुट्टीच्या दिवशी तो वर येऊन सोन्याचे उरलेसुरले केस कापून द्यायचा, आणि सोन्याला त्याच्याशी गप्पा मारायला आवडायचं. ताईने त्याला आधी गाठून सांगितलं, “तू फक्त कान उघडे ठेव. जे ऐकशील ते कचेरीत सांग. जास्त नको, कमी नको.” न्हाव्याला स्वतःच्या तीन मुली होत्या. तो बरं म्हणाला. आईलाही ताईने सांगितलं, “तू खोलीत नुसती बस. जे कानावर येईल ते तिथे सांगायचं, बस.” आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, “बरं.” आईने आयुष्यात सगळ्याला ‘बरं’च म्हटलं होतं, त्यामुळे ताईने जास्त विचारलं नाही.

सोन्या स्टुलावर बसला. गळ्याभोवती चादर, मानेला साबण. आई पलंगाच्या कडेवर. ताईने कपाटातून बॅग काढली, जमिनीवर उघडली आणि कपडे भरायला लागली.

“कुठे निघालीस?” सोन्याने आरशातून विचारलं.

“तिकडे. पुढच्या आठवड्यात कामावर हजर होतेय.”

“पण माझा विचार अजून—”

“तुझा विचार तू कर. मी तुला विचारत नाहीये. सांगून ठेवतेय, म्हणजे तू जेवायला वाट बघत बसायला नको.”

न्हाव्याचा वस्तरा कानामागे थांबला. सोन्याचा चेहरा चादरीच्या वर आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग तो स्टुलावरून उठला, साबणासकट.

“नाही जायचं,” तो म्हणाला. “मी परवानगी देत नाही. ऐकलंस? मी तुझा पालक आहे. मी नाही म्हणतोय.”

ताई बॅगेवर वाकलेली होती म्हणून तिचं तोंड कुणाला दिसलं नाही. तिला आनंदाने धाप लागली होती. इतकं गोड ‘नाही’ तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

तारीख लवकरच लागली. वकीलबाईंनी तेवढं केलं. कुटुंब कचेरीची खोली लांबट, भिंतीला तेलाचा रंग, कोपऱ्यात गार पाण्याचं यंत्र घुरघुरत होतं. मधल्या टेबलाशी पालकाची खुर्ची, आणि अर्जदार बाईने मागच्या बाकावर बसायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी पाटी होती. अधिकारी म्हातारे, सौम्य, आवाज मऊ. त्यांनी सोन्याला पाणी दिलं.

“तुम्ही बहिणीला नकार दिलात?”

सोन्या नवा शर्ट घालून आला होता. “साहेब, मी कुठे नाही म्हटलं? माझी मोठी बहीण आहे. विचार चालू होता माझा. ती रागावली, बॅग भरायला लागली, मी घाबरलो, काहीतरी बोललो असेन. नाही असं नाही म्हटलं.”

न्हाव्याला उभं केलं. “म्हणाले साहेब,” तो म्हणाला. “मी परवानगी देत नाही, मी नाही म्हणतोय, असं म्हणाले. माझ्या हातात वस्तरा होता म्हणून मी नीट लक्ष देऊन होतो.” अधिकारी ते लिहून घेत असताना सोन्याने न्हाव्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“घरातलं माणूस?”

आईला टेबलाशी आणलं. ती खुर्चीवर बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. अलीकडे ती बारीक झाली होती. कचेरीच्या त्या उजेडात ताईला ते पहिल्यांदा दिसलं.

“आजी, तुमच्यासमोर मुलगा काय म्हणाला?”

आई खाली बघत म्हणाली, “काही नाही म्हणाला.”

“नकार दिला नाही?”

“हीच बोलत होती. तो गप्प होता. तो कधी कुणाला नाही म्हणत नाही, साहेब.”

ताई बाकावरून उठली, पण पाटी समोरच होती, आणि वकीलबाईंनी तिचा हात घट्ट धरला. तिला आईचा राग आला. हिने मला जन्म दिला, हिचे पाय मी रोज चेपते, आणि हिने दोन वाक्यांत माझं आयुष्य बुडवलं. आपण आता काही बोललो तर ते भलतंच असेल, म्हणून तिने ओठ आवळून धरले.

“नकारच नाही, तर दाद कशावर द्यायची?” अधिकारी ताईला नाही, वकीलबाईंना म्हणाले. “अर्ज फेटाळला. याच कारणासाठी पुन्हा वर्षभर येता येणार नाही. घरातल्या गोष्टी घरात मिटवा. भाऊ चांगला आहे.” आणि सोन्याला त्यांनी विचारलं, “तुमची काही हरकत नाही ना तशी?”

“छे हो साहेब,” सोन्या म्हणाला. “बघतो ना मी.”

सोन्या निकालाचा कागद घ्यायला खिडकीशी रांगेत उभा राहिला. वकीलबाई म्हणाल्या, “मला माफ करा, मी आईंशी आधी बोलायला हवं होतं,” आणि आपल्या दुसऱ्या खटल्याच्या तारखेला गेल्या. न्हाव्याला दुकान उघडायचं होतं. बाहेरच्या बाकावर आई आणि ताई दोघीच उरल्या. येणारे-जाणारे त्यांचे पाय ओलांडून चालत होते.

“तू खोटं बोललीस,” ताई म्हणाली.

“हो.”

“का?”

आईने हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली. “माझ्या पोटात गाठ आहे.”

ताईला आधी वाटलं, ही विषय बदलतेय. मग तिने आईकडे नीट पाहिलं.

“हे गेले त्या हिवाळ्यातच कळलं. सोन्याच घेऊन गेला होता दाखवायला. डॉक्टर म्हणाले काढायला हवी, लवकर काढायला हवी, पालकाने खिडकीशी ‘मान्य’ म्हणायला हवं. तो घाबरला. म्हणाला, बघू, दुसऱ्या डॉक्टरला विचारू.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगून काय झालं असतं? तुझं ‘मान्य’ चालतं का?”

“वसंतात मी परत विचारलं,” आई म्हणाली. “बघू म्हणाला. मग हे तुझं सुरू झालं. मला काही धमकी वगैरे नाही दिली गं त्याने. तसा नाही तो. परवा नुसतं म्हणाला, हे एकदा मिटू दे. एवढ्या लांब तुला कसं न्यायचं, आणि ताई गेली तर ऑपरेशननंतर तुझं करणार कोण? तिचं काय ते ठरू दे, मग तुझं बघू. एवढंच म्हणाला.” तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मला मरायची भीती वाटते. या वयात वाटू नये, पण वाटते. मी काय करू?”

ताईचा राग गेला नाही. राग तसाच होता, पण आता तो कुणावर काढावा हे तिला कळेना. आईवर काढावा तर आईचा हात गार पडला होता. तिने तो हात दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसून राहिली. लांबच्या शहरातली ती खोली, ती भट्टी, ती मुलं, त्यांचा तिला एकदम कंटाळा आल्यासारखं झालं, आणि मग लक्षात आलं की तो कंटाळा नव्हता, ती त्यांना सोडून देत होती.

सोन्या कागद घेऊन आला. “चला,” तो म्हणाला. “बस मिळेल.”

ताई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

“सोन्या, आईचं ऑपरेशन करायचंय. तू परवानगी दे.”

सोन्याने आईकडे बघितलं, मग तिच्याकडे. थांबला. तो कशासाठी थांबलाय हे ताईला नीट समजलं. इतके महिने तिने दुसरा अभ्यास केला नव्हता.

“मी कुठे जात नाही आता,” ती म्हणाली. “तिकडे कळवून टाकते. घरीच आहे मी. आईचं सगळं मी करीन.”

सोन्याचे खांदे खाली आले. त्याने मोठा श्वास सोडला आणि तोंडावरून हात फिरवला. “मला फार भीती वाटत होती गं ताई,” तो म्हणाला. “रात्र-रात्र झोप नव्हती. तू गेलीस आणि आईला काही झालं, तर मी एकट्याने काय केलं असतं? मला तर भातसुद्धा नीट करता येत नाही.” तो खरं बोलत होता. त्याचा एकही शब्द खोटा नव्हता, आणि ताईला सगळ्यात असह्य तेच झालं. थोबाडीत मारावी तर समोर लहानपणचा सोन्या उभा, नाक ओढत.

“आता चल ना मग,” तो म्हणाला. “आत्ताच जाऊ. उद्यावर कशाला टाकायचं?”

इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे होतं. सोन्या पुढे चालला, ताठ, रस्ता ओलांडताना गाड्यांना हात दाखवत, मागून दोघी. दाखल करून घ्यायच्या खिडकीत एक तरुण मुलगा बसला होता. सोन्याने वरच्या खिशातून कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं.

“पालक तुम्हीच?”

“मीच.”

“शस्त्रक्रियेला मान्यता?”

“मान्य,” सोन्या म्हणाला. खणखणीत, अडखळला नाही. एवढंसं काम होतं. रांगेतल्या एका बाईने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. शिक्का बसला. आईने डोळे मिटले, आणि तिच्या गालावरून पाणी आलं, आणि ती मुलाचा दंड कुरवाळायला लागली. ताई म्हणाली, “उपकार झाले, सोन्या.” हे शब्द आपल्याच तोंडून आले हे तिला ऐकल्यावर कळलं.

“रात्री रुग्णाजवळ थांबणार कोण?” खिडकीतल्या मुलाने विचारलं.

“ही थांबेल,” सोन्या म्हणाला.

“ह्या कोण?”

“बहीण. तिचाही पालक मीच.”

मुलाने लिहून घेतलं. ताई थांबणारच होती. कुणी विचारलं असतं तर तिने आनंदाने हो म्हटलं असतं. पण मुलाने मान वर केली नाही, कागद सोन्याच्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.